एकाच पार्कचं तिकीट

३ नोव्हेंबर, सोमवार

पन्नास वर्षांच्या बाईला पाळण्यात बसवणार म्हणे.

काल संध्याकाळी माझी दोन्ही भावंडं आली – मधला आणि धाकटी. दारात एकमेकांना कोपरानं ढोसत उभी, शाळेतून प्रगतिपुस्तक आणल्यावर उभी राहायची तशी. बावीसला माझा वाढदिवस, शनिवारच येतोय. तर भेट म्हणून सगळ्यांनी मिळून त्या मोठ्या थीम पार्कला जायचं. गाडीनं तीन तास. मधला, भावजय, त्यांच्या जुळ्या मुली, धाकटी, तिचा नवरा आणि मी.

मी म्हटलं, "मला कशाला? मी काय लहान आहे?"

धाकटी म्हणाली, "लहान असताना तरी कुठे गेलीस?"

खरंय. आई गेली तेव्हा मी एकोणीसची, मधला अकराचा, धाकटी तीन. मैदानात पाळणे लागले की मी दोघांना घेऊन जायची आणि खाली उभी राहायची. हातात दोघांचे बूट, एक फुगा, अर्धं चाटलेलं आइस्क्रीम. वरून शहर कसं दिसतं ते मला धाकटीनं सांगितलंय. "ताई, आपलं घर काडेपेटीएवढं." मी तिच्याच डोळ्यांनी पाहिलं.

नको नको म्हणत हो म्हटलं. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. पन्नाशीच्या उकळ्या, पण उकळ्याच.

५ नोव्हेंबर

दुकानात आज दिवसभर बायफोकल. म्हाताऱ्यांचा हंगाम असावा. जेवणाच्या सुट्टीत काउंटरवालीनं पार्कची माहिती कागदावर छापून दिली. तिला म्हटलं, मला स्क्रीनवर वाचलेलं लक्षात राहत नाही. ती म्हणाली, "चष्म्याच्या दुकानात काम करता आणि –" पुढचं बोलली नाही, शहाणी आहे.

तर तिथे तीन पार्क आहेत, एकाला लागून एक. पहिला जुना – त्यात मोठं चक्र, बोगद्यातून जाणारी होडी, आरशांचं घर, छोट्यांची आगगाडी. दुसऱ्यात सगळं जिवावर बेतणारं. उलटं लटकवतात, वरून खाली सोडून देतात. तिसरा पाण्याचा.

तिकिटं दोन प्रकारची. सिंगल म्हणजे एकच पार्क, उघडल्यापासून बंद होईपर्यंत. मल्टी म्हणजे तिन्ही पार्क, मधल्या बसमधून हवं तेवढं ये-जा करा.

मल्टी फायद्याचं दिसतं. पण मी कागदाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं, वेळेचं. बसची रांग, प्रत्येक गेटची रांग, पाण्यात भिजणं, कपडे बदलणं. दिवस पळण्यातच जाणार. तिन्ही पार्क बघितले असं म्हणता येईल, बसलो कशात असं विचारलं तर तोंड चुकवावं लागेल.

मला सिंगल हवं. पहिला पार्क. चक्रात बसायचं, खाली उतरायचं, परत रांगेत लागायचं, परत बसायचं. घाई आयुष्यभर झाली. एक दिवस तरी एका जागी ऐसपैस.

९ नोव्हेंबर, रविवार

मधल्याच्या घरी सगळे जमलो. जुळ्या दोघी माझ्या अंगाखांद्यावर. चार वर्षांच्या आहेत, एक दुसरीपेक्षा सहा मिनिटांनी मोठी, म्हणून तिला घरात 'मोठी' म्हणतात आणि तीही मोठेपणा गाजवते. "आत्या, छोटीला सांग, मी आधी आले."

तिकिटांवरून चांगलीच जुंपली. मधल्याला मल्टी हवं. "एवढं लांब जायचं आणि एकच पार्क? लोक हसतील." धाकटीच्या नवऱ्याला दुसऱ्या पार्कातल्या त्या उंच मनोऱ्यावरून खाली यायचंय, तो तर हातवारे करूनच पडायला लागला. मी माझा कागद काढला. सगळे हसले, पण वाईट नाही, आपल्या माणसांना हसतात तसे.

मी म्हटलं, "तुम्ही मल्टी काढा, मी सिंगल काढते. मी थांबते पहिल्यात."

"छे," धाकटी म्हणाली. "तुझा वाढदिवस आणि तू एकटी? मग भेट कसली? सगळे एकाच पार्कात. ताई म्हणेल तसं."

भावजय म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे. मुलींना घेऊन तीन-तीन पार्क कोण फिरणार? आणि चक्रात मी बसेन तुमच्याबरोबर, मलाही भीती वाटते, दोघी मिळून घाबरू."

मधला जरा हिरमुसला, मग म्हणाला, "ठीक आहे. ताईचा दिवस."

ताईचा दिवस. घरी येताना तीनदा मनात म्हटलं. तिकिटं धाकटी काढणार, तिला ते फोनवरचं सगळं जमतं.

१० नोव्हेंबर

एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा अदलाबदल करून बसवल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. लक्ष चक्रात.

१४ नोव्हेंबर

नवे बूट घेतले, मऊ तळव्याचे. घरात घालून फिरले. खालच्या मजल्यावरची म्हणाली, "वर कोण चालतंय ते हल्ली कळतच नाही."

२० नोव्हेंबर

परवा निघायचं. धाकटीला फोन केला. सगळ्यांची तिकिटं सारखीच ना, विचारलं.

"हो गं ताई. तू कशाला काळजी करतेस?"

बरं म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल लिहायची ताकद नव्हती. आज सकाळपासून वही समोर आहे, दोनदा चहा झाला. लिहून टाकते.

साडेनऊला पोचलो. गेटवर मुलगी बसली होती, ती प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टा बांधत होती. मधल्याला निळा. भावजयीला निळा. धाकटीला, तिच्या नवऱ्याला निळा. मोठीला पिवळा. छोटीला पिवळा. मला पिवळा.

मी विचारलं, "हे रंग कसले?"

मुलगी म्हणाली, "निळा मल्टी, पिवळा सिंगल." आणि पुढच्याला हाक मारली.

मधला गाडीची किल्ली खिशात आहे का ते चाचपायला लागला. आहे हे त्यालाही माहीत होतं. भावजय धाकटीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही ताईंना सांगितलंय." धाकटी माझ्या दंडाला धरून बाजूला झाली.

"अगं ताई, ऐनवेळी ठरलं. तुला एकच पार्क हवा होता ना? म्हणून तुझं तसंच ठेवलं. आम्ही फक्त दोन तास दुसऱ्यात जाऊन येतो. तोवर मुली तुझ्याजवळ. त्यांना तिथे घेतच नाहीत, उंची बसत नाही. मग आपण सगळे चक्रात."

काय बोलणार? पाठीमागे रांग. मुलींनी माझे दोन्ही हात धरलेले.

दहाला गेले. जाताना धाकटीनं हात हलवला. भावजयीनं मागे वळून दोनदा पाहिलं.

मी मुलींना छोट्यांच्या आगगाडीत बसवलं. नऊ वेळा. मीही बसले, गुडघे हनुवटीला लावून, कारण छोटी एकटी बसत नाही. आरशांच्या घरात मोठी रडली. बोगद्याच्या होडीत लहान मुलांना मनाई. चक्रातही. खालून चक्र फार मोठं दिसतं. मी चक्राखाली बाकावर बसले. मांडीवर दोघींचे बूट, कारण दोघींना गवतावर पळायचं होतं. शेजारच्या बाकावर एक माणूस, त्याच्याही हातात कुणाचे तरी बूट. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

दीड वाजता भावजय एकटीच परत आली. घामाघूम, केस विस्कटलेले. म्हणाली, "ताई, मुलींना मी घेते. तुम्ही जा. रांग लहान आहे आत्ता."

मी म्हटलं, "आता नको."

"अहो जा ना. त्यासाठीच तर आलो आपण."

"आपण?" मी म्हटलं. "कोण आपण?"

ती मुलींना सँडविच भरवत राहिली. मी बाकावरून हलले नाही. चक्र समोर होतं, पाच मिनिटांची रांग, पिवळा पट्टा त्याला चालत होता. नाही गेले. कुणीतरी दया म्हणून मोकळं केलं की बसायचं, असं बसायचं नव्हतं मला.

बाकीचे साडेचारला आले. तिघंही भिजलेले, म्हणजे तिसराही पार्क झाला. चक्र पाचला बंद होणार होतं, पण तोवर छोटी झोपली, मोठीला उलटी झाली, मधला म्हणाला रस्त्यात अंधार होईल.

गाडीत केक कापला. मेणबत्ती लावता आली नाही.

पट्टा अजून हातात आहे. कात्रीनं कापायला हवा, ओढून निघत नाही.

२४ नोव्हेंबर

धाकटी दुकानात आली, जेवणाच्या वेळी. मी मागे मशीनवर काचेच्या कडा घासत होते. स्टुलावर बसली, डोळे भरलेले. हिचे डोळे भरले की मला अजूनही ती तीन वर्षांचीच दिसते.

"ताई, माझ्यावर रागावू नकोस. मी नाही म्हणत होते. वहिनीनंच सुचवलं."

"काय सुचवलं?"

"हेच. की ताई सिंगल म्हणतेच आहे तर मुलींना तीच बघेल, आपण मल्टी काढू. आणि तुला सांगू नका म्हणाली. दादा तिच्या शब्दाबाहेर आहे का? मी एकटी काय बोलणार?"

मी मशीन बंद केलं. काच हातातच होती, थंड झाली.

"गेटवर तर ती म्हणाली की तिला वाटलं तू मला सांगितलंयस."

"मग काय म्हणेल तुझ्यासमोर?" धाकटी म्हणाली. "तशी गोड आहे ना ती."

गोड. साखरेत घोळून केसानं गळा कापला माझा. दोघी मिळून घाबरू म्हणे! आणि दीडला धावत आली ती मन खात होतं म्हणूनच. मुलींना सांभाळायला बाई हवी होती तर तसं सांगायचं होतं. वाढदिवसाचं सोंग कशाला?

या बाईच्या बाळंतपणात मी महिनाभर रजा टाकून तिच्या उशाशी बसले होते.

धाकटीला जवळ घेतलं. म्हटलं, तुझा काय दोष?

३० नोव्हेंबर, रविवार

भावजयीचे चार फोन. उचलले नाहीत.

मधला येऊन गेला. दारातूनच. "काय झालंय नक्की?" मी म्हटलं, "तुझ्या बायकोला विचार." तो म्हणाला, "ती तर म्हणते तुला विचार."  त्याला खरंच काही कळत नाही की कळून घ्यायचं नाही, हे मला बेचाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

दर रविवारी मुली येतात त्या आज आल्या नाहीत. मीच नको म्हणून कळवलं होतं. तरी साडेदहापासून दाराकडे कान.

धाकटी मात्र रोज येते. काल माझ्या केसांना तेल लावून दिलं. हे मी तिला लावायची, शाळेत जाण्याआधी, आणि ती पुस्तकात डोकं घालून बसायची. इतकी वर्षं तिला हे सुचलं नव्हतं. कुणाचं तरी वाईट झालं की कुणाचं तरी चांगलं होतं, असं म्हणतात ते खोटं नाही.

१ डिसेंबर

मोठीनं फोनवर निरोप ठेवला. "आत्या, तू कट्टी आहेस का? छोटी विचारतेय." छोटी कशाला विचारेल? हीच विचारतेय.

४ डिसेंबर

भावजय दुकानात आली. चष्म्याची दांडी मोडलेली, मुली बसल्या म्हणे त्यावर. मी मागच्या काचेतून पाहिलं आणि पुढे गेलेच नाही. काउंटरवालीला सांगितलं, तू घे, दोन दिवसांनी ये म्हणून सांग. पाच मिनिटांचं काम. नवी दांडी समोरच्या खणातच होती.

ती काउंटरवालीला म्हणाली, "चष्म्याशिवाय मला शाळेत फळा वाचता येत नाही, मुलांनी काय लिहिलं ते कळत नाही." शिक्षिका आहे ती.

मला ऐकू आलं. काउंटरवालीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू शोधत राहिले.

६ डिसेंबर, शनिवार

आज ती सरळ मागेच आली, पडदा सारून. चष्मा नाही म्हणून डोळे बारीक केलेले, टेबलाची कड चाचपत.

"ताई, पाच मिनिटं. मग मी परत येणार नाही."

"काम आहे."

"असू दे. हात चालू ठेवा, कान द्या. दोन आठवडे वड्याचं तेल वांग्यावर निघतंय, आणि वांगं कोण ते मला कळलंय. तेल कसलं तेही कळू दे." तिनं फोन माझ्यासमोर ठेवला. "मला वाचता येत नाहीये. तुम्हीच वाचा. मोठ्यानं नको."

एक ग्रुप होता. त्यात मधला, भावजय, धाकटी, धाकटीचा नवरा. नाव होतं 'पार्क – मोठे'. मी त्यात नव्हते. म्हणजे मोठ्यांतही नाही.

सोळा तारखेचा धाकटीचा निरोप. 'चौघांची मल्टी काढतेय. ताई आणि मुलींची सिंगल. ताई मुलींना बघेल. तशीही ती कशात बसणार नाही, नुसती बोलते. तिला आत्ता सांगू नका, उगाच कागद काढून बसेल.' पुढे हसरा चेहरा.

खाली भावजय. 'त्यांना आधी विचारा. नाहीतर माझंही सिंगलच काढा, मी थांबते.'

खाली धाकटी. 'मी बोलते ताईशी, तू टेन्शन घेऊ नकोस.'

खाली मधल्याचा अंगठा. फक्त अंगठा.

मी तीनदा वाचलं. नंबरचा चष्मा लावूनही अक्षरं हलत होती.

भावजय म्हणाली, "माझी चूक एवढीच, की मी गेटवर तमाशा नको म्हणून गप्प बसले. दुसऱ्या पार्कात मी एका राईडमध्ये बसले आणि मग मला बसवेना. ते मी तुम्हाला सांगायला आले होते दीड वाजता. तुम्ही 'कोण आपण' म्हणालात."

मी तिचा चष्मा घेतला, दांडी बसवली, स्क्रू आवळला, नाकावरचे पॅड सरळ केले, फडक्यानं पुसून तिच्या हातात दिला. तिनं घातला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"मुली विचारतात," एवढंच म्हणाली आणि गेली.

७ डिसेंबर, रविवार

धाकटीच्या घरी गेले. न सांगता. तिचा नवरा बाहेर होता, बरं झालं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बसले, एक चादर हातात घेतली, दुसरं टोक तिनं धरलं. आम्ही दोघी चादरीची घडी नेहमी अशीच घालतो.

मी म्हटलं, "ग्रुप वाचला मी."

ती थांबली. चादर दोघींच्या मध्ये ताणलेली.

"वहिनीनं दाखवला?"

"तू तिचं नाव का घेतलंस?"

"मग काय करू? तू तशी बघत होतीस माझ्याकडे. मला नाही सहन होत तू तसं बघितलेलं." मग एकदम आवाज चढवून, "आणि झालं काय एवढं? दोन तास मुलींना सांभाळलंस. आयुष्यभर तेच केलंस ना? मला वाटलं तुला आवडतं. तू कधी म्हणालीस नाही म्हणून?"

"साडेसहा तास," मी म्हटलं.

"बरं, साडेसहा."

"आणि एकदा म्हटलं होतं. कागद काढून. तुम्ही सगळे हसलात."

ती खाली बसली. रडली. मी पाठीवरून हात फिरवला नाही. हात आपोआप पुढे गेला होता, मागे घेतला. मला वाटायचं हे मला कधीच जमणार नाही. जमलं. हातात काही नव्हतं तरी जड वाटत होता.

"मी लहान होते तेव्हापासून तू वर कधी आलीच नाहीस," ती रडता रडता म्हणाली. "मी हात करायचे वरून, चल चल म्हणून. तू नाही म्हणायचीस. मला काय माहीत तुला यायचं होतं?"

"तुमचे बूट कुणी धरले असते?"

  चादर तशीच राहिली, घडी न घातलेली.

८ डिसेंबर

काल एक लिहायचं टाळलं. मी दारात बूट घालत होते तेव्हा धाकटी मागून म्हणाली, "ताई, त्या रविवारी मी तुझ्या गॅलरीत फोनवर तिकिटांचं हेच ठरवत होते, तेव्हा तू आत नळ बंद केलास. मला वाटलं, ऐकलंस. काही बोलली नाहीस, म्हणजे चालतंय."

ऐकलं होतं. सोळा तारखेलाच, शब्दन्‌शब्द. मग नळ परत सोडला आणि घासलेली पातेली पुन्हा घासली. या वहीतसुद्धा लिहिलं नाही. गेटवर पट्टा बांधेपर्यंत वाटत होतं, ऐनवेळी तिलाच लाज वाटेल. आणि चोवीसला तिनं भावजयीचं नाव घेतलं, तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी ते दोन्ही हातांनी उचललं. धाकटी गेली असती तर माझं काय उरलं असतं? भावजय काय, परक्याची मुलगी.